वाफेच्या पोछ्याने फरशी स्वच्छ करण्याची पद्धत

खेड्यातील घरांची जमीन आता पुष्कळ ठिकाणी बदलली आहे. शेणाने सारवलेल्या जमिनीच्या जागी प्रथम कोबा व शहाबादी फरशी आली आणि नव्या घरांतून आता गुळगुळीत टाइल्स बसविल्या जातात. जमीन बदलली तरी तिच्यावर येणारी घाण तीच राहिली आहे. गोठ्यातून पायांबरोबर शेण येते, शेतातून चिखल येतो, स्वयंपाकघरात तेलाचे शिंतोडे उडतात. रांगणारे मूल याच फरशीवर हात टेकते व तेच हात तोंडात घालते. यासाठी फरशीची स्वच्छता हा कुटुंबाच्या आरोग्याचा भाग समजला पाहिजे.

वाफेचा पोछा, ज्यास बाजारात स्टीम मॉप म्हणतात, हे विजेवर चालणारे यंत्र आता घरपोच मागविता येते. उभ्या दांड्यावर पाण्याची लहान टाकी असते. तिच्यातील पाण्याची वाफ होऊन ती खालच्या बाजूस बसविलेल्या जाड फडक्यातून फरशीवर पडते. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. वाफ थंड फरशीवर पडून तिचे पुन्हा पाणी झाले की ती सर्व उष्णता फरशीस मिळते. म्हणून थोड्याशा पाण्यात तेलकट थर सुटतो आणि सुटलेला मळ फडके टिपून घेते. फडके मळले की मळ टिपला जात नाही, नुसता पसरतो. यास्तव एका घरासाठी निदान तीन-चार फडकी हाताशी असावीत.

वाफेने जंतू मरतात हे खरे. पण ते किती वेळात, याकडे बहुधा कोणी लक्ष देत नाही. दूध व्यवसाय करणाऱ्या शेतकऱ्यांस हे चटकन समजेल. दुधाचे पाश्चरीकरण ७२ अंश सेल्सिअसवर करावयाचे तर ते १५ सेकंद त्या उष्णतेत ठेवावे लागते. ६३ अंशांवर करावयाचे तर ३० मिनिटे लागतात. फरशीचेही तसेच आहे. झाडू मारल्याप्रमाणे पोछा भराभर फिरविला तर फरशी जेमतेम कोमट होते, जंतू राहतात आणि वीज मात्र खर्च होते. जेथे मूल बसते किंवा आजारी माणसाची खाट आहे, तेथे पोछा अगदी सावकाश न्यावा व एका जागी काही सेकंद थांबवून मग पुढे सरकवावा. टाइल्सची चकाकी किंवा प्लॅस्टिकचे आच्छादन बिघडेल इतका वेळ मात्र थांबू नये. त्यापूर्वी फरशी कोरडी झाडून घेणे अत्यावश्यक आहे. धुळीवर वाफ सोडली की चिखल होतो, एवढे सांगितले तरी पुरे.

प्रत्येक जमिनीस वाफ मानवत नाही. पक्के सांधे भरलेल्या टाइल्स व भेगा नसलेला कोबा यांवर पोछा निर्धास्त चालवावा. शहाबादी व कोटा या चुनखडीच्या जातीच्या फरश्या आहेत. त्यांचे सांधे उघडे असतील तर पाणी आत मुरते, म्हणून आधी सांधे सिमेंटने भरून घ्यावेत. संडास साफ करण्याचे आम्ल या फरश्यांवर ओतण्याची चाल मात्र सर्वस्वी वाईट आहे, कारण आम्ल चुनखडी खाते. लाकडी फळ्या व डिंकाने चिकटविलेले प्लॅस्टिकचे आच्छादन वाफेने सुटते. सारवलेल्या जमिनीचा तर पापुद्राच निघेल. धान्याची पोती ठेवलेल्या खोलीतही हे यंत्र नेऊ नये. साठवणीचे धान्य खडखडीत वाळलेले असावे लागते आणि बंद खोलीतील दमटपणा ते पुन्हा शोषून घेते.

यंत्र घेण्यापूर्वी घरातील वीज पाहावी. बहुतेक पोछे १३०० ते १५०० वॉटचे असतात. १५०० वॉटचा पोछा २३० व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे ६ अँपिअरचे लहान सॉकेट त्यास अपुरे आहे. जमिनीची जोडणी अर्थात अर्थिंग असलेले १६ अँपिअरचे सॉकेटच वापरावे. वीस मिनिटांच्या कामास साधारण अर्धे युनिट लागते. व्होल्टेज उतरून १८० वर आले की १५०० वॉटचे यंत्र सुमारे ९०० वॉटचेच काम करते. मग वाफेऐवजी गरम पाणी ठिबकते व फरशी निसरडी होते. कृषिपंप ज्यांनी चालविला आहे त्यांस हे निराळे सांगावयास नको. अशा वेळी काम पुढे ढकलावे.

पाण्याकडेही तितकेच लक्ष हवे. कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते. त्यातील क्षार टाकीत व नळीत बसून वाफेची वाट बंद करतात. चहाच्या भांड्यात तळाशी जमणारा पांढरा थर तो हाच. उकळून, निववून व गाळून घेतलेले पाणी वापरल्यास यंत्र अधिक काळ टिकते. स्वच्छ छपरावरून धरलेले पावसाचे पाणी त्याहून बरे. टाकीत फिनेल, साबण किंवा सुगंधी द्रव्य कधीही घालू नये. तसेच ब्लीचिंग पावडर व आम्ल एकाच फरशीवर पडू देऊ नये, कारण त्यांतून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

शेतकऱ्यांच्या घरात एका धोक्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. फवाऱ्याचा पंप व कीटकनाशकांच्या बाटल्या घरातच ठेवल्या जातात आणि कधी औषध फरशीवर सांडते. त्यावर वाफ सोडल्यास विषाची वाफ नाकातोंडात जाईल. सांडलेल्या औषधावर प्रथम कोरडी माती किंवा राख टाकावी. हातमोजे घालून ती पूर्णपणे उचलावी व घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळी ठेवावी. नंतर साबणाच्या पाण्याने जागा धुवावी. ते पाणी विहिरीकडे, ओढ्याकडे अथवा गुरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नये. मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. औषधांसाठी घराबाहेर कुलपाची पेटी असणे हाच खरा उपाय होय.

वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून जबर असतो. यंत्र चालू असताना ते मुलांच्या हाती देऊ नये व फडके बदलताना आधी प्लग काढावा. भाजल्यास तो भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. तूप, हळद किंवा दंतमंजन लावू नये.

ज्या घरी टाइल्स नाहीत, वीज अनियमित आहे व कंबर वाकवून पुसणारे धडधाकट हात आहेत, त्यांनी हे यंत्र घेण्याची घाई करू नये. गरम पाणी, साबण व स्वच्छ फडके यांनी तेथे काम भागते. गुडघे दुखणाऱ्या वृद्धेस मात्र उभ्याने पुसता येणे ही मोठीच सोय आहे. महिला बचत गटाने आठवड्यातून एकदा वापरण्यासाठी सामाईक यंत्र घेण्यासही हरकत नाही. फडकी मात्र ज्या त्या घराची निराळी असावीत.

ग्रामकार्यकर्त्यांनी याचे प्रात्यक्षिक एखाद्या टाइल्सच्या घरी करून दाखवावे. खोलीच्या मधोमध खडूने रेघ मारून अर्धा भाग वाफेने व अर्धा साबणाच्या गरम पाण्याने पुसावा. तो वाळल्यावर दोन्हींकडे एकेक ओले पांढरे फडके घासून ते जमलेल्या स्त्रियांच्या हाती द्यावे आणि कोणते अधिक मळले ते त्यांनाच पाहू द्यावे.