चेहरा धुण्याचा ब्रश : केसांचा की सिलिकॉनचा?

प्रश्न : चेहरा स्वच्छ करणाऱ्या विजेरी ब्रशमध्ये नायलॉनच्या केसांचा प्रकार चांगला की सिलिकॉनचा?

उत्तर : या दोहोंतील खरा भेद पदार्थाइतकाच गतीचाही आहे. सोनिकेअर हा विजेरी टूथब्रश घडवणाऱ्या अमेरिकी अभियंत्यांनी पुढे क्लॅरिसॉनिक हा केसांचा ब्रश आणला. त्यातील केसांचे वर्तुळ गरगर फिरत नाही, तर लहानशा कोनात सेकंदाला 300 हून अधिक वेळा मागेपुढे हलते, आणि बाहेरचे वलय मात्र स्थिर असल्याने दोहोंमधली त्वचा ताणली जाऊन व सैल पडून छिद्रांतील मळ सुटतो. सिलिकॉनच्या उपकरणांत, उदाहरणार्थ फोरिओ लुनामध्ये, मोटर संपूर्ण कवचच थरथरवते. घर्षण सौम्य राहते, पण सफाईचा बराचसा भार फेसवॉशवर पडतो, ही बाब जाहिराती सहसा सांगत नाहीत. मात्र सिलिकॉन पाणी शोषत नाही, तर दाट केसांच्या मुळाशी ओल टिकून जंतू वाढू शकतात, म्हणून केसांचा भाग दर तीनेक महिन्यांनी बदलावा लागतो. आयपीएक्स7, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरण्याची क्षमता, ही खूण दोन्हींत पाहावी. मुरुमे सुजलेली असताना दोन्ही प्रकार टाळणेच इष्ट.