काळा मल: लोहामुळे की रक्तामुळे?

प्रश्न : बेंगळुरूच्या पीण्या भागात सीएनसी मशीनवर रात्रपाळी करतो. कंबरदुखीवर रोज मेडिकलमधली गोळी घेतो, लोहाचीही चालू आहे. चार दिवस शौचाला काळं होतंय. घाबरावं का?

उत्तर : लोहाने मल काळपट-हिरवा होतो, पण सहसा बांधून येतो. तुमचा डांबरासारखा चिकट आणि उग्र वासाचा असेल, तर जठरातून रक्त जात असावं. रोजच्या वेदनाशामकांनी अल्सर होऊ शकतात. ती गोळी आजच बंद. पाळी संपायची वाट बघू नका, राजाजीनगरच्या ईएसआय रुग्णालयात दाखवा. हिमोग्लोबिन आणि दुर्बिणीची तपासणी लागेल. चक्कर आली किंवा उलटीत रक्त दिसलं, तर थेट तातडीच्या विभागात.

घट्ट-पातळाची चर्चा नंतर. मलाचा घट्टपणा ठरवणाऱ्या ब्रिस्टल तक्त्यातल्या सात प्रकारांत तिसरा-चौथा उत्तम, पण रंगाबद्दल तो काहीच सांगत नाही.