वाढत्या वयाची कथा

शाळेच्या प्रकल्पासाठी १० मिनिटांचा चित्रपट करावयाचा म्हटले, की मुलांचे मन प्रथम भुताखेतांकडे धाव घेते. मला विचाराल, तर वाढत्या वयाची कथा निवडणे अधिक उचित होय. ऐतिहासिक चित्रपटाला वाडे आणि शिरपेच हवेत. हिला लागणारी सामग्री, म्हणजे तेरा-चौदा वर्षांचे अंतःकरण, तुमच्यापाशीच आहे.

मात्र वय वाढले एवढ्याने कथा होत नाही. नायकाच्या दृष्टीत पालट व्हावा लागतो, आणि तो कृतीतून दिसावा लागतो. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) या चित्रपटातील जब्या काळ्या चिमणीमागे रानोमाळ हिंडतो. तिच्या राखेने शालूचे मन वळेल, ही त्याची भाबडी श्रद्धा. पुढे गावादेखत, वर्गमित्रांच्या हशात, त्याला घरच्यांसह डुकरे धरावी लागतात. तोंड लपवीत फिरणारा तो मुलगा अखेर दगड भिरकावतो, आणि तो दगड थेट प्रेक्षकांच्याच दिशेने येतो. लाजेचा संताप झाला, हे तेथे कोणी निराळे सांगत नाही.

अविनाश अरुण यांचा 'किल्ला' (२०१४) याहून शांत. त्यातील चिन्मयला वडिलांच्या निधनानंतर, आईची बदली झाल्यामुळे, कोकणातील अनोळखी शाळेत रुळावे लागते, बस्स, एवढेच.

तुमच्या कथेत दगड नसेलही. एस. टी.ने एकट्याने केलेला पहिला प्रवासही पुरेल. फक्त गाडीतून उतरणारा मुलगा चढलेल्या मुलाहून निराळा दिसला पाहिजे.