शिक्षकाची वही

वाचन : मार्क ६:३०-३४

बारा प्रेषित सेवेवरून परतले तेव्हा त्यांनी प्रथम काय केले, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. पाच हजारांच्या भोजनाकडे जाण्याची आपल्याला घाई असते. परंतु मार्क सांगतो की, ते येशूजवळ जमले व सर्व वृत्तान्त त्यांनी त्याला निवेदन केला. मूळ ग्रीक वचनात ‘होसा’, म्हणजे ‘जे जे’, हा शब्द दोनदा येतो. एकदा त्यांच्या कृत्यांविषयी व पुन्हा त्यांच्या शिकवणीविषयी. भाषांतर करताना दुसरा ‘जे जे’ गाळण्याचा मोह होतो, कारण मराठी वाक्य त्यावाचूनही चालते. तो गाळू नये. काय शिकवले, याचा हिशेब प्रभूपुढे स्वतंत्रपणे मांडला गेला.

रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्या बंधुभगिनींनो, तुम्ही हा हिशेब केव्हा मांडता? एक साधी वही घ्या व पाठ झाला त्याच रात्री दहा ओळी लिहा. ‘आज पाठ आशीर्वादित झाला’ एवढ्याने काही कळत नाही. (माझी पहिली वही अशाच वाक्यांनी भरली होती!) मुलांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवा; नावे मात्र लिहू नका. कोणते उत्तर आपण टाळले, तेही लिहा.

एकदा लूक १५ मधील उधळ्या पुत्राचा दृष्टांत शिकवीत असता एका मुलीने विचारले, “बापच घर सोडून गेला तर वाट कोणी पाहायची?” वेळ संपत आली होती. “ते या पाठात नाही,” असे म्हणून मी सुवर्णवचन पाठ करून घेतले. रात्री तिच्या प्रश्नाखाली माझे उत्तर लिहिताना हात अडखळला. तिचे वडील घरी नसतात हे मला ठाऊक होते. तरी वर्गात ते उत्तर मला योग्यच वाटले होते.

पुढील रविवारी नेमलेला पाठ बाजूला ठेवून, एका प्रश्नाला मी नीट उत्तर दिले नाही, असे वर्गापुढे कबूल केले. मग आम्ही २८ वे वचन वाचले. घरीच राहिलेल्या व मनातून दुखावलेल्या मुलाकडेही पिता स्वतः बाहेर येतो. मुलगी काही बोलली नाही.

पुढच्या पाठाची तयारी करण्यापूर्वी वहीचे मागील पान वाचा व त्यावरून प्रार्थना करा. प्रेषितांचा विसावाही लोकसमुदायाने अर्धवट केला होता. तेव्हा दहा ओळींऐवजी दोनच झाल्या तरी चालेल.