नोंदक्रमांकाची शाश्वती

आवक नोंदवहीत अर्जास एकदा क्रमांक पडला की तो त्या अर्जाचाच राहतो. अर्ज मागे घेतला गेला, तरी तो क्रमांक दुसऱ्या अर्जास दिला जात नाही. अर्जदाराच्या हातातील पोचपावतीचे मोल या नियमावरच अवलंबून असते. नोंदवहीची जागा संगणकाने घेतली म्हणून हा नियम आपोआप पाळला जातो असे नाही. तो प्रारंभीच घालून द्यावा लागतो.

लहान प्रमाणावर माहिती साठविण्यासाठी ‘एसक्यूलाइट’ ही प्रणाली सोयीची आहे. रिचर्ड हिप यांनी ती २००० साली विकसित केली. तिला स्वतंत्र सर्व्हर लागत नाही. सर्व माहिती एकाच फाइलमध्ये राहते.

या प्रणालीत तक्ता तयार करताना क्रमांकाच्या रकान्यापुढे ‘इंटिजर प्रायमरी की’ असे लिहावे. मग नव्या नोंदीत क्रमांक न भरताही तो आपोआप पडतो. ‘इंटिजर’ हा शब्द मात्र पूर्ण लिहावा. ‘इंट’ असा आखूड लिहिल्यास क्रमांक पडत नाही आणि रकाना रिकामा राहतो.

नवा क्रमांक ठरविण्याची रीत साधी आहे: तक्त्यातील सर्वांत मोठ्या क्रमांकात एक मिळविला जातो. समजा, १, २ व ३ अशा नोंदी आहेत. त्यांपैकी तिसरी पुसली, तर पुढील नोंदीस पुन्हा ३ हाच क्रमांक मिळेल. जुनी पावती घेऊन आलेल्या अर्जदारासमोर मग भलत्याच अर्जाची माहिती येईल.

हा धोका टाळण्यासाठी त्याच ओळीत ‘ऑटोइन्क्रिमेंट’ हा शब्द जोडावा. त्यामुळे आजवर दिलेला सर्वांत मोठा क्रमांक वेगळ्या तक्त्यात जपला जातो आणि पुढील नोंदीस ४ हा क्रमांक पडतो. क्रमांकांची कमाल मर्यादा ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ इतकी असल्याने ते संपण्याची चिंता नको.

या सोयीसाठी प्रणालीस थोडे अधिक काम पडते. म्हणून जेथे क्रमांक लोकांच्या हाती जातो, तेथेच ती अवश्य वापरावी. तसेच, क्रमांक सलग राहतीलच अशी हमी यात नसते. मधला क्रमांक नसणे म्हणजे नोंद गहाळ झाली असे नव्हे.

हा शब्द तयार तक्त्यास मागाहून जोडता येत नाही. त्यासाठी नवा तक्ता करून सर्व नोंदी त्यात न्याव्या लागतात. शिवाय, शेवटचे जे क्रमांक त्यापूर्वीच पुसले गेले, त्यांची आठवण नव्या तक्त्यास नसते. यास्तव पहिली नोंद करण्यापूर्वीच हा निर्णय घेणे हितावह होय.