विणकामाचे नमुने एकमेकींस कसे द्यावे

थंडीचे दिवस जवळ आले म्हणजे खेड्यापाड्यांतील पुष्कळ घरांत लोंकरीचे गुंडे व सुया पेटींतून बाहेर निघतात. कोणी नातवासाठीं टोपरें विणते, कोणी क्रोशानें दारावरचें तोरण करते, कोणी मेजावरच्या रुमालास झालर लावते. दुपारीं दोघी-चौघी ओटीवर जमतात आणि एकीच्या हातांतील काम दुसरी निरखून पाहते. येथेंच एक प्रश्न उभा राहतो, आणि तो दिसतो तितका लहान नाहीं. आपणांस ठाऊक असलेला नमुना दुसरीस दाखवावा कीं झांकून ठेवावा? आणि दाखवावयाचा, तर तिला तो खरोखर साधेल व कोणाचा हक्कही बुडणार नाहीं, अशी रीत कोणती? या दोन गोष्टींचा विचार आम्ही या पाठांत करणार आहों.

१. ही विद्या कशी पसरली

दोन सुयांवरचें विणकाम व आंकड्याच्या एका सुईनें करावयाचें क्रोशाचें काम हीं दोन निराळीं आहेत. दोन सुयांवर ओळींतील सर्व टाके एकाच वेळीं उघडे असतात, म्हणून सुई निसटली तर कित्येक टाके गळतात. क्रोशांत बहुधा एकच टाका उघडा असतो, म्हणून तें काम हातावेगळें ठेवून चुलीकडे जातां येतें. विणकाम जुनें आहे. मिसर देशांत सांपडलेले सुती मोजे सुमारें अकराव्या ते चौदाव्या शतकांतील मानितात. क्रोशा त्या मानानें नवा असून त्याचा विशेष प्रसार गेल्या दोनशें वर्षांतलाच आहे.

इंग्रजींत छापलेला सर्वांत जुना ज्ञात विणकामाचा नमुना १६५५ सालचा आहे, व तो मोज्यांचा आहे. क्रोशाचे छापील नमुने १८२० नंतरच्या दशकांत हॉलंडांतील एका नियतकालिकांत आले. म्हणजे छापील अक्षराचें साहाय्य मिळण्यापूर्वीं कित्येक शतकें ही विद्या केवळ डोळ्यांनीं पाहून व हातांनीं करून चालत आली. आई मुलीस दाखवी, शेजारीण शेजारणीस दाखवी. आपल्या महाराष्ट्रांतही लग्नाच्या रुखवतांत क्रोशाचे रुमाल व तोरणें मांडण्याची चाल आहे. तेथें जमलेली जाणती बाई नुसतें कौतुक करून थांबत नाहीं. ती पदर सांवरीत खालीं वांकते आणि खांब किती, साखळ्या किती, हें मनांतल्या मनांत मोजून घेते. रुखवत ही एका अर्थीं नमुन्यांची शाळाच होय.

२. झांकून ठेविल्यानें काय होतें

१८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचें मुख्य अन्न तेंच असल्यामुळें पुढें कित्येक वर्षें दुष्काळ राहिला. सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं, व तितकींच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेलीं. त्या संकटांत कांहीं मठांतील भगिनींनीं व कांहीं पाळकांच्या पत्नींनीं मुलींस क्रोशा शिकविला. क्लोन्स गांवीं तेथील पाळकाच्या पत्नी कॅसँड्रा हँड यांनीं १८४७ च्या सुमारास हें काम चालू केलें. एक सुई व थोडें सूत एवढेंच भांडवल. पण त्या लेसच्या पैशावर कित्येक घरांची चूल पेटती राहिली.

पुढें मात्र निराळी गोष्ट झाली. एकेका कुटुंबाचें एकेक फूल किंवा पान ठरून गेलें, आणि शेजारीण दारांत आली कीं हातांतील काम झांकून ठेवावें, अशी रीत पडली, असें तिकडे सांगतात. त्या बायांस दोष देणें सोपें आहे, परंतु न्यायाचें नाहीं. ज्याच्याजवळ जमीन नाहीं त्याचें तें फूल हेंच शेत होतें, आणि शेताला कुंपण कोण घालीत नाहीं? तथापि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्रावर केलेली तशीच लेस स्वस्त मिळूं लागली. तेव्हां कुंपणाचा उपयोग राहिला नाहीं, आणि जे नमुने कोणास शिकविले नव्हते व कागदावरही उतरविले नव्हते, ते करणारणींच्या बरोबरच गेले.

दुसरें उदाहरण आपल्याच देशांतील आहे. आंध्र प्रदेशांत गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर म्हणून गांव आहे. एकोणिसाव्या शतकांत स्कॉटलंडहून आलेल्या मॅक्रे नांवाच्या मिशनरी दांपत्यानें तेथें लेसचें काम शिकविलें, असें सांगतात. पुढें त्या भागांतील हजारों स्त्रिया क्रोशाची लेस करूं लागल्या व ती परदेशीं जाऊं लागली. मारिया मीस या जर्मन विदुषीनें तेथें राहून पाहणी केली व १९८२ सालीं त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. तींत असें दिसून आलें कीं, एक बाई केवळ सुटीं फुलें करी, दुसरी तीं जोडी, आणि तयार माल व्यापारी विकी. दिवसाचे सहा ते आठ तास जें काम चाले त्यास सर्वजण रिकामपणचा उद्योग म्हणत, आणि म्हणूनच त्याचा मोबदला अत्यंत थोडा असे. नरसापूरच्या या लेसला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या पाहणींतील धडा विसरूं नये. जिला नुसतें फूल येतें, तिला पुरा रुमाल विकतां येत नाहीं. अर्धी विद्या ही दुसऱ्याच्या हातांतील दोरी होय.

यावरून दोन गोष्टी निघतात. नमुना झांकल्यानें तो टिकत नाहीं. आणि विद्या वांटावयाची तर तुकड्यांनीं न वांटतां आरंभापासून शेवटापर्यंत पुरी द्यावी.

३. पुरा नमुना म्हणजे काय

पुष्कळ भगिनी मोठ्या मनानें नमुना सांगतात, परंतु घेणारीचें काम बिघडतें, आणि मग “तिनें मुद्दाम चुकीचें सांगितलें” असा संशय उत्पन्न होतो. खरें कारण बहुधा असें कीं, सांगतांना चार गोष्टींपैकीं एखादी राहून गेलेली असते.

पहिली गोष्ट सूत. लोंकर कीं कापूस, किती पदरी, व किती लागलें, हें सांगावें. एकाच रंगाची लोंकर निराळ्या वेळीं रंगविलेली असली तर छटा बदलते. म्हणून लागेल तेवढी एकदमच घ्यावी, हेंही सांगावें.

दुसरी गोष्ट सुई. नुसता आंकडा पुरेसा नाहीं. जुन्या इंग्रजी मापाची ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाड असते, तर अमेरिकन मापाची ८ नंबरची ५ मिलिमीटर असते. शिवाय जुन्या इंग्रजी मापांत आंकडा वाढला कीं सुई बारीक होते, आणि अमेरिकन मापांत जाड होते. म्हणून जाडी मिलिमीटरांत सांगणें उत्तम.

तिसरी गोष्ट हाताचा ताण. कोणाचा हात सैल असतो, कोणाचा घट्ट. समजा, तुमच्या हातानें १० सेंटिमीटरांत २० टाके बसतात व तुम्हीं ८० सेंटिमीटर घेराच्या बंडीस १६० टाके सांगितले. घेणारीच्या घट्ट हातानें १० सेंटिमीटरांत २२ टाके बसत असतील, तर तिची बंडी ७३ सेंटिमीटरांहूनही थोडी कमी भरेल, आणि महिन्याची मेहनत अंगांत जाणार नाहीं. म्हणून आधीं हातभर रुंदीचा नव्हे, तर वीतभर चौकोन विणून टाके मोजावे, व तो आंकडा नमुन्याबरोबर लिहून द्यावा.

चौथी गोष्ट शब्द. सुलट व उलट, साखळी, खांब व मुका खांब हे आपले शब्द बहुतेकींस ठाऊक आहेत. इंग्रजी पुस्तकावरून काम करतांना मात्र सावध असावें. ज्या टाक्यास इंग्लंडांत डबल क्रोशे म्हणतात त्यासच अमेरिकेंत सिंगल क्रोशे म्हणतात, आणि इंग्लंडांतील ट्रेबल हा अमेरिकेंतील डबल होय. पुस्तक कोणत्या देशाचें, हें आधीं पाहिलें नाहीं तर झालर अर्ध्या उंचीची होऊन बसते.

४. सरावासाठीं एक चौकोन

वरील रीत पुढील लहान कामावर करून पाहावी. सहा साखळ्या घालून त्यांचीं टोकें जोडावीं, म्हणजे कडें होईल. पहिल्या फेऱ्यांत तीन साखळ्या घालाव्या व त्या एका खांबाच्या जागीं धराव्या. नंतर कड्यांत दोन खांब घालावे. मग तीन साखळ्या व कड्यांत तीन खांब, असें तीन वेळां करावें. शेवटीं तीन साखळ्या घालून आरंभींच्या तिसऱ्या साखळीशीं जोडावें. आतां तीन-तीन खांबांचे चार गट व त्यांच्यामध्यें चार कोपरे झाले. दुसऱ्या फेऱ्यांत टाका सरकवीत कोपऱ्यापर्यंत न्यावा, आणि प्रत्येक कोपऱ्यांत तीन खांब, तीन साखळ्या व पुन्हां तीन खांब घालावे. दोन कोपऱ्यांच्या मध्यें एक साखळी घालावी. पुढें कोपऱ्यांत तसेंच करून बाजूच्या प्रत्येक फटींत तीन खांब घालीत जावें. दर फेऱ्यास प्रत्येक बाजूस एक गट वाढतो. तो वाढला नाहीं तर चूक झाली असें समजावें व तेवढा फेरा उसवावा.

उरल्यासुरल्या लोंकरीचे असे चौकोन दहा घरांत झाले व एकत्र जोडले, तर एक पांघरूण होतें. मात्र सर्वांचें माप एक पाहिजे. याचें मोठें उदाहरण चेन्नईचें आहे. मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या हौशी स्त्रियांच्या मंडळानें ३१ जानेवारी २०१६ रोजीं ११,१४८.५ चौरस मीटरांचें क्रोशाचें पांघरूण तेथें मांडलें. तें सुमारें पावणेतीन एकर जमीन झांकील एवढें होतें, व त्या वेळीं जगांतील सर्वांत मोठें ठरलें. माप ठरवून घेऊन सर्वजणींनीं तें पाळल्यावांचून असें काम जुळत नाहीं.

५. देण्याघेण्यांतील न्याय

नमुना जिच्याकडून मिळाला तिचें नांव सांगावें. यापो येथील विधवांनीं दुर्कसचीं वस्त्रें पेत्रास दाखविलीं तेव्हां तीं कोणीं केलीं हें झांकलें नाहीं; म्हणूनच तें नांव आपणांपर्यंत आलें. शेजारणीचें फूल आपलें म्हणून मिरविणें ही चोरी लहान दिसते, पण तिच्यामुळें पुढच्या वेळीं पेटीला कुलूप लागतें.

विकत घेतलेल्या पुस्तकांतील नमुना मैत्रिणीस शेजारीं बसवून शिकविण्यास हरकत नाहीं; परंतु त्याच्या नकला काढून विकूं नयेत, कारण तो लिहिणाऱ्याचेंही पोट त्यावर आहे.

विक्रीसाठीं काम करणाऱ्या भगिनींनीं आपसांत दर ठरवावा. समजा, एका तोरणास २०० रुपयांचें सूत व ३० तास लागले, आणि तें ६०० रुपयांस विकलें, तर तासास तेरा रुपये व कांहीं पैसे एवढेच पडले. हा हिशेब एकदां कागदावर मांडला म्हणजे “रिकामपणचा उद्योग” या शब्दाचा खरा अर्थ कळतो. एकीनें दुसरीहून स्वस्त विकण्याची चढाओढ लावली तर फायदा गिऱ्हाइकाचा होतो, आणि दोघींचीही मेहनत फुकट जाते.

नवशिकीची चूक दिसली तर आधीं साधलेल्या ओळींकडे बोट दाखवावें, मग गळलेल्या टाक्याकडे. तिच्या हातांतून काम ओढून घेऊन आपण पुरें करून देऊं नये. त्यानें रुमाल होतो, पण विणकरीण होत नाहीं.

६. उपदेशकांस सूचना

आपल्या गांवांतील वृद्ध बायांस कोणकोणते नमुने येतात, याची एक वही करावी. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांच्याकडून प्रत्येक नमुन्याचा वीतभर तुकडा विणवून घ्यावा, त्यावर त्यांचें नांव शिवावें, व मुलींकडून टाके मोजवून लिहवून घ्यावे. हें काम पुरुषांचें नव्हे असेंही कोणी समजूं नये. पेरू देशांतील ताकिले बेटावर टोप्या विणण्याचें काम पुरुष व मुलगेच करितात. वृद्धेच्या हातांतील कंप वाढण्यापूर्वीं वही भरली पाहिजे, कारण कागद थांबतो, पण हात थांबत नाहींत.

विचारासाठीं प्रश्न

(१) क्लोन्स येथील कुटुंबांनीं आपले नमुने कां झांकले, व शेवटीं त्याचा परिणाम काय झाला?
(२) नरसापूरच्या स्त्रियांस मोबदला थोडा कां मिळे?
(३) नमुना देतांना कोणत्या चार गोष्टी सांगाव्या? ताण न सांगितल्यास काय होतें, तें आंकड्यांनीं दाखवा.
(४) तुम्हांस येत असलेला एखादा नमुना कोणाकडून मिळाला? तो तुम्हीं आजवर किती जणींस पुरा शिकविला?
(५) तुमच्या गांवांत एकाच बाईस येणारा असा कोणता नमुना आहे? तो येत्या महिन्यांत कोण शिकून घेईल, हें आजच्या बैठकींत ठरवा.