आधी बैठक, मग पाटी

सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूचा पक्षाघात. यात मेंदूची इजा वयानुसार वाढत नाही. परंतु हाडे वाढतात, त्या वेगाने ताठर स्नायू लांबत नाहीत आणि सांधे आखडू लागतात. म्हणून व्यायामोपचार वाढीच्या वयात अखंड चालू ठेवावे लागतात. मात्र उपचारासाठी शाळा थांबवणे आम्हांस मान्य नाही. मुंबईत १९७२ साली मिथू अलूर यांनी या मुलांसाठी दोहोंची सांगड घालणारे कार्य आरंभिले.

सर्वाधिक दुर्लक्षित राहते ती बैठक. ज्यास धड सावरता येत नाही, त्याची सारी शक्ती न पडण्यातच खर्ची पडते. लिहिण्यास हात उरणार कोठून? कमरेस पट्टा, पायांखाली पाट, पुढे अर्धगोल कापलेले मेज. हे गावचा सुतारही करू शकतो. माप मात्र थेरपिस्टने घ्यावे आणि मूल वाढेल तसे बदलावे.

वाणी अस्पष्ट म्हणजे बुद्धी मंद, हा समज घरांत आणि, खेदाने म्हणावे लागते, शाळांतही आढळतो. असे मूल चित्रफलकावर बोटाने वा नजरेने उत्तर दाखवू शकते; विचारणाऱ्याने तेवढा वेळ थांबावे. तत्पूर्वी पालकांनी पाल्याची श्रवण व दृष्टी अवश्य तपासून घ्यावी.